जीर्णोद्धार केवळ देवळांचाच का?

देवालयाच्या शिखराला तडा गेल्याचे वृत्त कानी येताच आपल्या समाजात काय घडते, हे वाचकांस सांगावयास नको. महाजनांची सभा भरते, जीर्णोद्धार समिती नेमली जाते, देणगीदारांच्या याद्या प्रसिद्ध होऊ लागतात, आणि सातासमुद्रापलीकडे गेलेला कुळावीदेखील कुलदैवतासाठी यथाशक्ती रक्कम धाडतो. ही श्रद्धा स्तुत्य आहे आणि ती अशीच राहो. परंतु ज्या धर्मशास्त्राचा आधार आपण या कार्यास देतो, त्या शास्त्राने देवालय एकटे सांगितलेले नाही. पुण्यकर्माचे इष्ट आणि पूर्त असे दोन भाग कल्पून पूर्तात विहीर, पुष्करिणी, तलाव, देवालय, उपवन आणि अन्नदान ही सारी एका पंक्तीत बसविली आहेत. त्या पंक्तीतून आपण देवालय तेवढे उचलून घेतले आणि तलाव पंगतीवरून उठवून लावला. ज्या बुद्धीने, ज्या हातांनी आणि ज्या चुन्यादगडाने देऊळ उभे राहिले, त्यांनीच बांध घातला, सांडवा काढला, मोरी बसविली. तरी देऊळ तेवढी संस्कृती आणि बांध म्हणजे सरकारी बांधकाम खात्याची एक वस्तू, असा विचित्र भेद आपण करून बसलो आहो. या भेदाविरुद्ध आम्हांस आज लिहावयाचे आहे.

आमचे म्हणणे थोडक्यात असे. राष्ट्राची स्थापत्यविद्या हा राष्ट्राच्या संस्कृतीचा गाभा आहे, आणि तिचा वारसा नामफलक लावून टिकत नाही. तो वापरून, राखून आणि समजून घेऊनच टिकतो. मूर्ती कितीही सुंदर असली तरी नित्यपूजा थांबलेल्या देवळास आपण जागृत स्थान म्हणत नाही. मग पाणलोट बुजलेल्या, गाळाने भरलेल्या, सांडपाण्याने नासलेल्या तलावाची भिंत जागच्या जागी उभी आहे एवढ्यावरून ‘वारसा सुरक्षित आहे’ असे कोणत्या तोंडाने म्हणावे?

उदाहरणासाठी आम्ही हैदराबाद नगरी निवडली आहे. मराठी वाचकांस ती परकी नाही. १९५६ पर्यंत मराठवाडा याच राज्यात होता, आणि केशवराव कोरटकर, वामनराव नाईक यांच्यासारख्या धुरीणांनी १९०७ साली तेथे विवेकवर्धिनी ही शिक्षणसंस्था उभी केली. शिवाय सुमारे साडेचारशे वर्षांची जलस्थापत्याची परंपरा एकाच शहराच्या परिसरात पाहावयास मिळावी, अशी स्थाने देशात फार नाहीत.

हैदराबादेस गेलेला प्रवासी गोवळकोंड्याच्या फत्तेह दरवाजापाशी टाळी वाजवितो, ती वर बालाहिसारापर्यंत ऐकू जाते याचे कौतुक करतो आणि खाली उतरतो. त्याच डोंगरावर पाणी चढविण्यासाठी टप्प्याटप्प्याने रहाट योजलेले होते, मातीचे नळ भिंतींतून खेळविलेले होते, याकडे त्याचे लक्ष कोण वेधतो? टाळीचा प्रतिध्वनी ही करमणूक आहे. पाणी चढविणे ही विद्या आहे. करमणुकीस वाटाड्या मिळतो, विद्येस मिळत नाही. १५६२ च्या सुमारास इब्राहिम कुली कुतुबशहाच्या काळी हुसेनशहा वली यांच्या देखरेखीखाली बांधलेला हुसेनसागर आज शहराच्या मध्यभागी आहे. त्याच्या बांधावरचे पुतळे आणि जलाशयातील बुद्धमूर्ती यांची छायाचित्रे घरोघरी असतील. पण ज्या बांधावर उभे राहून ती काढली, तो बांध हेच मूळचे शिल्प आहे, याचे भान किती जणांस असते? २०२० साली दुर्गम चेरुवूवर केबल-पूल झाला. तो पाहण्यास लोक लोटले, आणि लोटावेतही. नव्या विद्येचे कौतुक कोणास नको? परंतु गोवळकोंड्यास पाणी पुरविणारे जुने तळे म्हणून ज्याची ख्याती, तो तलाव पुलाची पार्श्वभूमी बनून राहिला.

परंतु आमच्या तक्रारीचा खरा विषय आहे मीर आलम तलाव. १७९९ च्या श्रीरंगपट्टणच्या युद्धात निजामाच्या फौजेसमवेत गेलेला आणि पुढे राज्याचा दिवाण झालेला मीर आलम याच्या नावाचा हा तलाव १८०४ ते १८०६ च्या सुमारास बांधला गेला. त्याचा बांध सरळ भिंतीचा नाही. एकवीस अर्धवर्तुळाकार कमानी आडव्या, एकीस एक लागून उभ्या केल्या आहेत आणि प्रत्येकीची फुगीर बाजू पाण्याकडे आहे. यातील मर्म समजून घेण्यासारखे आहे. सरळ धरण पाण्याचा रेटा स्वतःच्या वजनाने थोपविते, म्हणून त्यास दगडांचा प्रचंड ढीग लागतो. कमान तोच रेटा आपल्या अंगातून दोन्ही टोकांच्या खांबांकडे ढकलते. दगड दाबला जातो, ताणला जात नाही, आणि दाब सोसण्यात तर दगडाचा हात कोणी धरीत नाही. त्यामुळे थोड्या दगडात मोठे पाणी अडते. देवळाच्या दारावरील कमान जे काम उभ्याने करते, तेच काम या कमानी आडव्या होऊन करीत आहेत.

रोमन काळातील स्पेनमधील एका बंधाऱ्याचा अपवाद सोडला तर बहुकमानी धरणाचे इतके जुने उदाहरण जगात दाखविता येत नाही. अमेरिकेत जॉन ईस्टवुड या स्थापत्यतज्ज्ञाने कॅलिफोर्नियात ह्यूम लेकचे बहुकमानी धरण १९०८ साली बांधावयास घेतले, तेव्हा हैदराबादच्या धरणास शंभर वर्षे होऊन गेली होती. धरणांच्या जागतिक इतिहासग्रंथांत मीर आलमचे नाव येते. आपल्या शालेय पुस्तकांत ते का येऊ नये? जुन्या हैदराबादेस पिण्याचे पाणी देणाऱ्या या तलावात पुढे सांडपाणी आले, काठावर अतिक्रमणे आली, जलपर्णी माजली. शेजारच्या प्राणिसंग्रहालयात वाघसिंह पाहण्यास जाणाऱ्या कुटुंबांपैकी किती जणांस ठाऊक असते की हाकेच्या अंतरावर एकवीस दगडी कमानी दोनशेहून अधिक वर्षे पाण्याचा भार पेलीत उभ्या आहेत? पिंजऱ्यातील वाघास तिकीट आहे आणि कमानींस साधी ओळखदेखील नाही, हा प्रकार कोणत्याही सुसंस्कृत राष्ट्रास शोभणारा नव्हे.

आता दुसरे प्रकरण पाहू. विवेकवर्धिनीच्या स्थापनेनंतरच्या वर्षी, २८ सप्टेंबर १९०८ रोजी, मुसी नदीस महापूर आला. मृतांचा आकडा पंधरा हजारांच्या घरात सांगितला जातो. अफझलगंज येथील रुग्णालयाच्या आवारातील चिंचेच्या झाडावर चढून सुमारे दीडशे माणसे वाचली, असे सांगतात. ते झाड लोकांनी जतन केले आणि त्याच्या छायेत पुराचे स्मरणही करतात. कृतज्ञतेची ही रीत आम्हांस अत्यंत प्रिय वाटते. परंतु त्या पुरानंतर तसा पूर पुन्हा येऊ नये म्हणून जे झाले, त्याविषयीची कृतज्ञता कोठे आहे?

निजाम सरकारने सल्लागार म्हणून मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांस पाचारण केले. हे नाव महाराष्ट्रास घरचे आहे. पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयातून ते १८८३ साली स्थापत्यशास्त्राची परीक्षा उत्तीर्ण झाले, १८८४ साली मुंबई सरकारच्या बांधकाम खात्यात रुजू झाले, आणि १९०३ साली खडकवासल्याच्या धरणावर त्यांनी योजिलेले स्वयंचलित दरवाजे बसविले गेले. गोमंतकीय वाचकांस या दरवाजांचे नवल वाटावयास नको. खाजन शेतांच्या बांधातील लाकडी ‘मानस’ भरतीच्या पाण्याने आपोआप मिटते आणि ओहोटी लागताच आपोआप उघडते. माणसाने रात्री जागे राहण्याचे कारण पडत नाही. पाण्याच्याच जोराने पाण्यास आवर घालावा, हे शहाणपण कोकणी शेतकऱ्याजवळ पिढ्यान्पिढ्या होते. विश्वेश्वरय्यांनी तशाच शहाणपणास गणिताची आणि पोलादाची जोड दिली.

१९०९ साली हैदराबादेत आल्यावर त्यांनी पुराच्या मुळाशी हात घातला. मुसीच्या पाणलोटात शेकडो लहान तलाव होते. अतिवृष्टीत वरचा फुटला, त्याच्या लोंढ्याने खालचा फुटला, आणि या साखळीने पुराचे बळ कितीतरी वाढविले. त्यावर त्यांचा उपाय असा : शहराच्या वर मुसी आणि ईसी या दोन्ही नद्यांवर जलाशय बांधावे, पुराचा कळस तेथे पोटात घ्यावा आणि नदीच्या पात्रास झेपेल एवढेच पाणी खाली सोडावे, शहरात नदीकाठ बांधून काढावे आणि सांडपाण्याची नीट व्यवस्था करावी. या योजनेतून मुसीवरील उस्मानसागर १९२० साली आणि ईसीवरील हिमायतसागर १९२७ साली पूर्ण झाला. पहिल्याची साठवण ३.९ अब्ज घनफूट, दुसऱ्याची २.९७ अब्ज घनफूट. संकटनिवारणासाठी बांधलेल्या या जलाशयांनी शहरास पिण्याचे पाणीही दिले, आणि तेही उताराने, पंपावाचून. गंडीपेठचे, म्हणजे उस्मानसागरचे, पाणी जो प्यायला तो हैदराबाद सोडीत नाही, असे तेथील लोक म्हणू लागले. धरणाच्या पाण्याने म्हण निर्माण केली; याहून संस्कृतीची निराळी खूण कोणती हवी?

या जलाशयांच्या रक्षणार्थ १९९६ साली सरकारने एकशे अकरा क्रमांकाचा आदेश काढला. दहा किलोमीटरांच्या परिसरातील ८४ गावांत प्रदूषण करणारे उद्योग, मोठी हॉटेले आणि निवासी वसाहती यांस त्याने मनाई केली. सर्वोच्च न्यायालयानेही १९९९ व २००० साली या रक्षणाची बाजू उचलून धरली. परंतु पुढे जमिनीचे भाव वाढले, आणि २०२२ साली सरकारने नवा आदेश काढून ही बंधने उठविण्याचा मार्ग मोकळा केला. समर्थन काय, तर शहराच्या पाणीपुरवठ्यात या दोन जलाशयांचा वाटा आता नगण्य आहे. पाणी कृष्णेचे येते, गोदावरीचे येते.

हा युक्तिवाद वरकरणी बिनतोड दिसतो, म्हणूनच तो तपासून पाहू. पहिली गोष्ट, हे जलाशय मुळात पुराच्या भयाने जन्मास आले. पाणीपुरवठा हे त्यांचे दुसरे काम. दुसरे काम कमी झाले म्हणून पहिलेही संपले, असा निष्कर्ष कोणत्या तर्कशास्त्रात बसतो? पाणलोटातील मातीवर काँक्रीट चढले म्हणजे पाऊस मुरावयाचा थांबतो आणि धावू लागतो. तेवढाच पाऊस अधिक मोठा पूर होऊन येतो. ऑक्टोबर २०२० च्या अतिवृष्टीत पल्ले चेरुवू आणि गुर्रम चेरुवू या तलावांचे बांध फुटून खालच्या वस्त्या बुडाल्या. १९०८ साली जे घडले त्याचीच ही लहान आवृत्ती होती. दुसरी गोष्ट, शंभराहून अधिक किलोमीटरांवरून पंपांनी ओढून आणलेल्या पाण्याच्या जोरावर दाराशी उताराने येणाऱ्या पाण्यास निरुपयोगी ठरविणे म्हणजे कर्ज काढून सण साजरा करणे आणि घरची गाय कसायास विकणे होय. तिसरी गोष्ट, पाणलोटावाचून धरण ही नुसती भिंत आहे. दगडास हात न लावता धरण मारता येते. आमचा आक्षेप नेमका या अदृश्य विध्वंसावर आहे, कारण त्याचा पंचनामा होत नाही.

दुसरा एक आक्षेप कुजबुजत्या स्वरात ऐकू येतो. हे तलाव कुतुबशहाचे, निजामाचे. त्यांचा अभिमान आपण कशास बाळगावा? असे विचारणाऱ्यांस आम्ही विचारतो, की बांधाचे दगड फोडले कोणी, माती वाहिली कोणी, चुना मळला कोणी, आणि शंभर वर्षे पाणी प्यायले कोणी? राजाचे नाव शिलालेखावर असते. विद्या त्या भूमीची असते. उस्मानसागरास नाव निजामाचे आहे आणि बुद्धी मुद्देनहळ्ळीच्या विश्वेश्वरय्यांची आहे. मांजरेवरील निजामसागर १९२३ ते १९३१ या काळात उभा करणारे नवाब अली नवाज जंग हे हैदराबादेतच जन्मलेले स्थापत्यतज्ज्ञ होते. पाणी जात पाहत नाही, हे आपल्या संतांनी शिकविलेले आहे. मग पाणी अडविणाऱ्याची जात पाहण्याचे प्रयोजन काय?

याच्या उलट टोकास आणखी एक वर्ग आहे. प्राचीन काळी आपल्याकडे विमाने होती, असे तो सभासंमेलनांतून छातीठोकपणे सांगतो. पुष्पक विमान ही काव्याची शोभा आहे आणि ती काव्यातच शोभते. परंतु ज्यास हात लावून पाहता येतो, ज्याची लांबीरुंदी मोजता येते, अशा एकवीस कमानी समोर असताना त्यांजकडे पाठ फिरवून कल्पनेतील यंत्रांचा अभिमान मिरविणे ही राष्ट्रभक्ती नव्हे, आळस आहे. खऱ्या वारशाचे जतन करावयास कष्ट पडतात, कल्पित वारशास केवळ घसा पुरतो.

इतर देश काय करतात? ब्रिटनच्या स्थापत्य अभियंत्यांच्या संस्थेने ऐतिहासिक कामांच्या नोंदीसाठी १९७१ साली स्वतंत्र मंडळ नेमले. अमेरिकेतील संस्था १९६० च्या दशकापासून जुने पूल, कालवे आणि धरणे यांस वारसास्थान म्हणून गौरवीत आहे. आपल्याकडे १९५८ चा प्राचीन स्मारकांचा कायदा किमान शंभर वर्षांच्या वास्तूस संरक्षण देतो, परंतु ती ऐतिहासिक, पुरातत्त्वीय किंवा कलात्मक महत्त्वाची असावी, असे म्हणतो. त्या व्याख्येत शास्त्रीय आणि तांत्रिक महत्त्वाचा शब्द नाही. उस्मानसागरने शंभरी ओलांडली. हिमायतसागरची शंभर वर्षे २०२७ साली भरतात. वयाची अट पुरी झाली. आता शब्दाची उणीव कायद्याने भरून काढावी.

मान मिळतो तोही आपल्याकडे बाहेरून यावा लागतो. सिंचनविषयक आंतरराष्ट्रीय आयोगाने तेलंगणातील सदरमाट बंधारा आणि कामारेड्डीचा पेद्द चेरुवू यांस २०१८ साली जागतिक वारशाच्या यादीत घेतले. २०२० साली त्याच यादीत आपल्या सिंधुदुर्गातील धामापूरचा तलाव गेला. १५३० सालचा हा तलाव, आणि त्याच्या काठी श्रीभगवतीचे देऊळ! देवी आणि तलाव यांस आपल्या पूर्वजांनी एकमेकांपासून कधी तोडले नव्हते, याचे याहून बोलके प्रमाण कोणते? देवीच्या धाकाने तलाव स्वच्छ राहिला आणि तलावाच्या पाण्याने देवीचा गाव जगला.

आता कर्तव्याविषयी. आमच्या मागण्या चार आहेत. स्थापत्यवारशाची राष्ट्रीय नोंदवही तयार व्हावी. १९२० साली स्थापन झालेल्या अभियंत्यांच्या अखिल भारतीय संस्थेने, इन्स्टिट्यूशन ऑफ इंजिनियर्सने, हे काम शिरावर घ्यावे. मीर आलमच्या धरणास राष्ट्रीय महत्त्वाचे स्मारक म्हणून घोषित करून तलावात येणारे सांडपाणी प्रथम बंद करावे. उस्मानसागर आणि हिमायतसागर यांचे पाणलोट हे त्या वारशाचेच अवयव मानून त्यांचे कायद्याने रक्षण करावे. आणि चौथी, जुन्या कामाची डागडुजी जुनी विद्या जाणणाऱ्यांकडून व्हावी. चुन्याच्या बांधणीवर सिमेंट लिंपले की ओल आत कोंडते आणि दगडाचे सांधे सुटू लागतात. असा जीर्णोद्धार न केलेला बरा. मूळ नकाशे, मोजमापांच्या वह्या आणि दरवाजे हाताळणाऱ्या जुन्या कामगारांची माहिती हाही वारसाच आहे. तो वाळवी आणि विस्मृती यांच्या हवाली करू नये. मनात आणले तर काय होते, हे हैदराबादनेच दाखविले आहे. बन्सीलालपेठेतील कचऱ्याने बुजलेली बारव उपसून, बांधून, २०२२ साली पुन्हा लोकांपुढे आली.

परंतु सर्व भार सरकारवर टाकून मोकळे होणे देवस्थानांच्या समाजास शोभणार नाही. ज्या हुसेनसागरात गणरायाचे विसर्जन करावयाचे, त्यात रासायनिक रंग आणि प्लास्टर मुरू नये, ही काळजी भक्तांनीच घ्यावयाची आहे. आपल्या देवळांच्या तळ्यांचे काठ, पायऱ्या, मोऱ्या आणि पाण्याच्या वाटा कोणी मोजल्या आहेत काय? खाजनांचे बांध आणि मानशी दुरुस्त करणारे हात किती उरले, याची नोंद कोणत्या महाजनसभेने केली आहे? सभामंडपास संगमरवर घालण्याची टूम सर्वत्र निघाली आहे. त्या खर्चातील थोडा भाग तळ्याचा गाळ काढण्यास दिला तर देवाचा अवमान होईल, असे आम्हांस वाटत नाही. शास्त्राने तर नव्या बांधकामापेक्षा जीर्णोद्धाराचे पुण्य अधिक सांगितले आहे, आणि जीर्ण झालेले केवळ देऊळच असते असे कोठेही म्हटलेले नाही.

यास्तव पुढील जीर्णोद्धार समिती नेमाल तेव्हा तिच्या कार्यपत्रिकेत शिखराखाली एक ओळ तळ्यासाठी राखून ठेवा. आणि हैदराबादेस जाल तेव्हा गोवळकोंड्यावर टाळी अवश्य वाजवा. मात्र मीर आलमच्या एकवीस कमानीही पाहून या, मुलांना त्या मोजावयास लावा, आणि पाण्याचा एवढा भार त्या कशा पेलतात, हे त्यांस समजावून सांगा. ज्या समाजातील मुलांस बांध कसा उभा राहतो हे कळते, त्या समाजाचे बांध सहसा फुटत नाहीत.